‘व्यवधान’ या एका शब्दाबद्दल, काकांना पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमच्या नातवाच्या हाती चार ओळींची चिठ्ठी दिली असती, तरी आभार पोचले असते. पण युवा संसदेची, म्हणजे मुलांनीच खासदार-मंत्री होऊन संसद भरवण्याच्या स्पर्धेची, तयारी करून घेणारे माझ्यासारखे शिक्षक गावोगावी आहेत. तुम्ही आमच्या नवोदयातल्या मुलांना जे शिकवलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

पालकभेटीचा रविवार होता. तुम्ही नातवासाठी लाडवांचा डबा घेऊन आला होतात आणि हॉलच्या दाराशी उभं राहून आमचा अख्खा सराव ऐकलात. शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, विधेयक, सगळं तासाच्या आत बसवलेलं. पन्नासेक मुलांचं पाठांतर चोख होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. सराव संपल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, “बाई, मंत्री उत्तर देत होते तेव्हा प्रश्न विचारणारी मुलगी कागदात बघून पुढचं घोकत होती. तिनं उत्तर ऐकलं का हो?”

ऐकलं नव्हतं. ऐकायची गरजच नव्हती, कारण तिचा उपप्रश्न मीच आठवडाभर आधी लिहून दिला होता.

मग कळलं, की तुम्ही विधानमंडळात प्रतिवेदक होतात. अधिवेशनात मुंबईला आणि डिसेंबरात नागपूरला, अध्यक्षांच्या समोरच्या टेबलाशी बसून सभागृहात उच्चारलेला शब्द न् शब्द टिपण्यात तुमचं नोकरीचं आयुष्य गेलं. मी विनंती केली आणि तुम्ही सलग सहा शनिवार एसटीनं आलात. मानधनाचा विषय काढला तेव्हा हात जोडून मला गप्प केलंत.

पहिल्याच शनिवारी विरोधी पक्षातल्या मुलांनी तुम्हाला हौसेनं सांगितलं, की आम्ही वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून घोषणा देणार आहोत. टीव्हीवर त्यांनी तेच पाहिलेलं. तुम्ही रागावला नाहीत. पिशवीतून लोकसभेच्या कामकाजाच्या छापील वृत्तांताची काही पानं काढलीत आणि एकेकाला वाचायला दिलीत. भाषण चालू आहे, मध्येच काही टिंबं, कंसात ‘व्यवधान’ म्हणजे अडथळा, पुन्हा भाषण. एकानं विचारलं, “आजोबा, इथे लोक काय बोलले?” तुम्ही म्हणालात, “ओरडले असतील काहीतरी. कदाचित खरंही असेल. पण ते कुणाच्या हाती लागलं नाही. लिहिणाऱ्याकडे एवढा एकच शब्द उरला.” मुलं बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिली. घोषणांचा विषय त्यांनी आपणहून सोडून दिला. हरकतीचा मुद्दा कसा मांडायचा, ते मात्र दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारू लागली.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही सगळे प्रश्न तपासायला घेतलेत. नववीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, की तिच्या गावाची संध्याकाळची एसटी बंद झाल्यानं मुलींना शाळा सोडावी लागते. मला तो प्रश्न फार आवडला होता. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि तिला शेजारी बसवून म्हणालात, “बाळ, प्रश्न खरा आहे, पण दार चुकलंय. एसटी राज्याची. हे मुंबईत विचारायचं. आपण इथे दिल्लीत बसलोय.” नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली केंद्रसूची आणि राज्यसूची मी इतकी वर्षं शिकवते, पण त्या याद्यांचा अर्थ एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर उमटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तिनं विचारलं, “मग दिल्लीला काय विचारू?” तुम्ही उलट विचारलंत, “घरी शेतात काय आहे?” ती म्हणाली, “कांदा.”

त्या एका शब्दावर तुम्ही तिच्याकडून अख्खा प्रश्न उभा करून घेतलात. निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाची, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं, भाव आवरायला साठा खरेदी करायचा तो ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडून. एका कांद्याला तीन दारं. कुठलं ठोठवायचं ते तिनंच ठरवलं.

भाषेचं तुम्ही जे केलंत ते मला सुचलंच नसतं. स्पर्धेत आमची मुलं हिंदीत बोलतात, पण विचार करतात मराठीत, काही तर अहिराणीत. तुम्ही चौथ्या शनिवारी सगळे कागद गोळा केलेत आणि म्हणालात, आज घरी बोलता तसं भांडा, हिंदी पुढच्या खेपेला बघू. त्या दिवशी हॉलमध्ये जो वाद झाला तो खरा होता. सत्ताधारी बाकावरचा एक मुलगा इतका पोटतिडकीनं बोलला, की अध्यक्ष झालेली मुलगी घंटा वाजवायला विसरली. हिंदी नंतर आली, आणि सोपी झाली.

मधल्या वेळेतल्या तुमच्या गप्पाही मुलांच्या लक्षात आहेत. 1962 साली मुंबईत देशभरातल्या पक्षप्रतोदांची, म्हणजे सभागृहात आपापल्या पक्षाचे सदस्य सांभाळणाऱ्यांची, परिषद भरली, शाळाशाळांतून अशी नकली संसद भरवावी अशी शिफारस तिथे झाली आणि 1966 मध्ये दिल्लीतल्या शाळांपासून सुरुवात झाली, हे मलाही ठाऊक नव्हतं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचं मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, हे ऐकून आमच्या अध्यक्षबाईंची मान ताठ झाली होती.

आता स्पर्धेच्या दिवसाचं सांगते. तब्येतीमुळे तुम्ही येऊ शकला नाहीत, आणि ती चुटपुट आम्हा सगळ्यांना आहे.

कांद्याचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, पुकारला गेला. मंत्री झालेला मुलगा उठला आणि ठासून म्हणाला, की डिसेंबर 2023 मध्ये लावलेली कांद्याची निर्यातबंदी सरकारनं मे 2024 मध्ये उठवून शेतकऱ्याला दिलासा दिला. मुलीच्या हातात कागद नव्हता. तिनं उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. मग दोन-तीन क्षण ती नुसती उभी राहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. नंतर ती शांतपणे म्हणाली, “अध्यक्ष महोदया, बंदी उठली त्याच वेळी 40 टक्के शुल्क आणि टनामागे 550 डॉलरची किमान निर्यात किंमत होती. मंत्री महोदय ज्याला दिलासा म्हणतात, तो माझ्या वडिलांच्या कांदाचाळीत त्या महिन्यात किती पोचला, हे सांगतील का?”

मंत्र्याकडे तयार उत्तर नव्हतं. तोही थांबला. मग म्हणाला, “माझ्याकडे आत्ता माहिती नाही, ती मी पटलावर ठेवीन.” काका, हे वाक्य मी लिहून दिलेलं नव्हतं. खोटे आकडे ठोकून देणं त्याला सहज जमलं असतं. परीक्षकांपैकी एकांनी पेन खाली ठेवून मान वर केली, ती मी पाहिली.

आमचा पहिला नंबर आला नाही. परतीच्या गाडीत थोडी रडारड झाली, जेवायला थांबलो तोवर निवळली.

त्या मुलीनं गावच्या एसटीचा प्रश्न सोडलेला नाही. तिनं आपल्या भागाच्या आमदारांना पत्र लिहिलंय, स्वतःच्या अक्षरात, वर्गातल्या अकरा जणींच्या सह्या घेऊन. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की तुम्हाला कळवीन.

तुम्ही दोन मुलांना प्रतिवेदक म्हणून टेबलाशी बसवलं होतंत, तेव्हा स्पर्धेत यांना गुण कसले, असं मी विचारलं होतं. त्या दोघांनी आळीपाळीनं पूर्ण तासाचा वृत्तांत लिहिलाय. सोबत प्रत पाठवते आहे. त्यात ‘व्यवधान’ हा शब्द एकदाच आहे, आणि ते हॉलमध्ये शिरलेल्या कुत्र्यामुळे झालं होतं, तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

तुम्ही लाल पेनानं तपासल्याशिवाय तो अंतिम मानायचा नाही, असं दोघांचं म्हणणं आहे. बरं वाटलं की बघा. घाई नाही.

तुमची कृतज्ञ,
नवोदयातल्या समाजशास्त्राच्या बाई