क्रीडामंत्री महोदय, आमच्या मुलांनाही पोहायला शिकवा

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे, बोलणं मोजकंच. पाणी दिसलं की मात्र तो थांबत नाही. नदी असो, शेततळं असो, हात सोडवून तिकडे धावतो. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची अशी ओढ असते, पण धोका कळत नाही. बुडण्याची भीती म्हणूनच त्यांच्या बाबतीत कितीतरी जास्त. त्याला पोहता आलंच पाहिजे, हे आम्ही केव्हाच ठरवलं होतं.

तो नऊ वर्षांचा असताना आमच्या शहरातल्या एका तरणतलावावर उन्हाळी बॅचचा अर्ज भरला. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी ‘ऑटिझम’ हा शब्द वाचला आणि अर्ज परत सरकवला. “अशा मुलांची जबाबदारी आम्ही घेत नाही, ताई.” पुढच्या वर्षी दुसऱ्या तलावावर प्रवेश मिळाला. तिथे एका सरांमागे पंचवीस मुलं, शिट्टीवर शिट्टी, पत्र्याखाली घुमणारा आवाज. माझं लेकरू कानांवर हात ठेवून काठावर बसून राहिलं. चौथ्या दिवशी सर म्हणाले, “तो ऐकतच नाही, नका आणू.” कपडे बदलायचं तर आणखी अवघड. एवढ्या मुलाला बायकांच्या खोलीत नेऊ देत नाहीत, पुरुषांच्या खोलीत मला जाता येत नाही, आणि त्याला स्वतःची नाडी बांधता येत नाही.

शेवटी तो शिकला माझ्या माहेरच्या विहिरीत. माझा भाऊ त्याला रोज ठरल्या वेळी, त्याच पायऱ्यांनी खाली न्यायचा. सतरा पायऱ्या. दोघं मोठ्याने मोजत उतरायचे, कारण त्याला आकडे आवडतात. पहिले चार दिवस नुसते पाय पाण्यात. मग कमरेपर्यंत. मग पाठीला डबा बांधून. ओरडणं नाही, घाई नाही, अंगाला हात लावण्याआधी “आता धरतो” एवढं सांगायचं. अकराव्या दिवशी त्याने मामाचा दंड सोडला, हात मारत समोरच्या कपारीपर्यंत गेला आणि म्हणाला, “पुन्हा.” माझा भाऊ शेतकरी आहे, महोदय. जे त्याला जमलं, ते पगारी प्रशिक्षकांना शिकवता येईलच.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यातच देशाला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. ऑटिझम असलेल्या मुंबईच्या जिया रायने २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहून दाखवलं. त्यांचे सत्कार झाले, व्हायलाच हवेत. पण पदक न मिळवणाऱ्या मुलालाही तलावात उतरायचा तेवढाच हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० मध्ये क्रीडा सुविधा आणि प्रशिक्षण या मुलांना सोयीचं करणं ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे.

म्हणून राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक तलावासाठी परिपत्रक काढा. अपंगत्वाच्या कारणावरून अर्ज परत करू नये, हे त्यात पहिलं असावं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, या कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे तशा मुलांकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागून त्यांना अडवू नये. दिवसातला एक तास बिनशिट्टीचा, कमी गर्दीचा ठेवा. आई किंवा बाबा सोबत जाऊ शकतील अशी कपडे बदलायची एक स्वतंत्र खोली द्या. आमच्या शेजारच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे ताठर पाय पाण्यातच जरा सैल होतात, पण तलावाला उभी लोखंडी शिडी असल्याने तिला उतरवायला दोन माणसं लागतात. तिथे कठडा असलेला उतार हवा. स्थानिक संस्थांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतोच, त्यातून हे होऊ शकतं. प्रशिक्षक आणि जीवरक्षकांना मात्र राज्यानेच शिकवायला हवं: चित्रं दाखवून सूचना कशी द्यायची, फिट आली तर काय करायचं, न बोलणारं मूल घाबरलंय हे कसं ओळखायचं. पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात याची सुरुवात करता येईल.

आमच्याकडे उन्हाळी बॅचची नोंदणी मार्चमध्ये सुरू होते. त्याआधी आपलं परिपत्रक त्या खिडकीपर्यंत पोहोचावं, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक आई