आमचं ‘सिमेंटचं गोदाम’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला वसईच्या चर्चवरचा लेख वाचला. पापडी, रमेदी, नंदाखाल, निर्मळ, सगळं यथासांग आलं आहे. जुनं ते सगळं देखणं, हे आम्हालाही एव्हाना पाठ झालं आहे. माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदातल्या एका वाक्याबद्दल आहे. अलीकडची चर्च म्हणजे ‘सिमेंटची गोदामं’, त्यांच्यासाठी वाट वाकडी करायचं कारण नाही, असं आपले लेखक म्हणतात. नका करू वाकडी. पण आत पाऊल न टाकता गोदाम म्हणायची एवढी घाई कशाला?

अशाच एका गोदामात मी पन्नास वर्षं मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, ऐकतो आहे. चर्चचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं लिहून झाल्यावर मला त्याच गावात राहायचं आहे.

चर्चची स्लॅब टाकली तेव्हा मी नववीत होतो. सकाळची मिस्सा झाली आणि घमेल्यांची रांग लागली, ती थेट दिवेलागणीपर्यंत. बायकांनी आवारात चुली मांडल्या होत्या. पुढचे पंधरा दिवस स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं काम आम्हा पोरांकडे. विहिरीतून शेंदायचं, वर चढवायचं, शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर. एके दिवशी मी दांडी मारली, तर फादर म्हणाले, “भेग पडली तर तुझ्याच डोक्यावर गळेल, लक्षात ठेव.” अजून गळालेलं नाही. आमच्या स्टेशनकडच्या टॉवरांत राहणाऱ्यांनी आपल्या छताकडे बघून हे वाक्य म्हणून दाखवावं.

चर्चला मनोरा नाही, नक्षी नाही. बैठी इमारत, भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागात सिमेंटच्या जाळ्या, दोन्ही बाजूंना चार-चार रुंद दारं आणि त्यांच्यावर भरपूर पुढे आलेले छज्जे. सकाळी सातच्या मिस्सेला पूर्वेच्या जाळीतून ऊन येतं आणि तिसऱ्या-चौथ्या बाकावर चौकोन चौकोन पडतात. लहानपणी माझी मुलगी ते बोटाने मोजायची आणि प्रवचन लांबलं तर मला सांगायची, “बाबा, ते बघा, पाचव्या बाकावर गेले.” पंखे बंद असले तरी मे महिन्यात बसवतं. वेदी मध्ये घेऊन तिच्याभोवती बाकं मांडली आहेत, त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्या म्हातारीलाही फादरांचा चेहरा दिसतो.

हे काही गरिबीमुळे झालेलं नाही. (गरिबी होतीच, ती वेगळी.) १९६३ साली जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेबद्दलचा दस्तऐवज आला, त्यानंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि पाठमोरे उभे राहणारे फादर लोकांकडे वळले. मग लांबलचक बोगद्यासारखी इमारत हवी कशाला? मंदिरातल्या कलेत उदात्त सौंदर्य असावं, नुसता थाटमाट नको, असंही त्याच दस्तऐवजात म्हटलं आहे. लेखकांना वसईपर्यंत येणं लांब पडत असेल तर दादरला गोखले रोडवर उतरावं. नावाने पोर्तुगीज चर्च, पण आजची इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. उघडं काँक्रीट, छताची उंच होत गेलेली कवचं, मधून मधून मोकळी अंगणं. तेही गोदामच म्हणायचं का?

आता आवाराबद्दल. आमच्या आवारात माती होती, विहीर होती आणि एक चिंच होती. प्रवचन सुरू झालं की निम्मे पुरुष चिंचेखाली, ही गावाची जुनी खोड. माझी आई जुलैमध्ये गेली. मिस्सा आटोपून दफनभूमीकडे निघालो आणि आभाळ फाटलं. शवपेटी छज्ज्याखाली टेकवली, आम्ही सगळे तिच्याभोवती दाटीवाटीने उभे. अर्ध्या तासाने पाऊस थांबला, पाणी मातीत जिरलं, आम्ही निघालो. चपला चिखलाने भरल्या, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी सुशोभीकरण झालं. विहिरीवर स्लॅब टाकून बंद केली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, थेट चिंचेच्या सालीला भिडवून. मी सभेत बोललो, तर उत्तर मिळालं, “काका, चिखलाने बायकांच्या साड्या खराब होतात.” गेल्या पावसाळ्यात माझी मावशी गेली. त्याच छज्ज्याखाली उभे होतो, पण या वेळी पाणी जाईना. पायऱ्यांपर्यंत चढलं. शेवटी चौघांनी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून शवपेटी उचलली आणि ब्लॉकवरच्या शेवाळावरून एकेक पाऊल टाकत नेली. चिंच त्याआधीच एका बाजूने सुकली होती. ‘धोकादायक’ ठरवून दिवाळीच्या सुट्टीत पाडली.

आता दर्शनी भागाची पाळी आहे. दोन मनोरे, टोकदार कमानी, जाळ्या बुजवून काचा आणि अर्थात एसी. ऊन आणि वारा फुकट मिळतात, त्यामुळे त्यांचं उद्घाटन करता येत नाही. वर्षभर आम्ही आठ-दहा जण हे थोपवून धरलं आहे. काल दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या समितीतले एक गृहस्थ आपली पुरवणी घडी घालून घेऊन आले. त्या वाक्याखाली पेनाने रेघ मारलेली होती. म्हणाले, “बघा काका, पेपरातसुद्धा आलंय.” म्हणून हे पत्र.

जाता जाता आणखी एक. आमच्याकडे धर्मगुरू म्हणतात, फादर म्हणतात. ‘पाद्री’ हा शब्द आपल्याकडे दर नाताळला कपाटातून बाहेर निघतो, या वेळी तर नाताळ नसतानाही निघाला. आणि पान तीनवर नंदाखालच्या चर्चचा फोटो छापून खाली ‘रमेदी’ लिहिलं आहे. जुन्या चर्चसाठी तरी वाट वाकडी केली असेल, असं वाटलं होतं.

आपला,
एक धर्मग्रामस्थ, वसई (पश्चिम)