सिरॉसिसच्या रुग्णाची डाळ तोडू नका

महोदय,
लिव्हर खराब झालंय असं कळलं की घरात पहिली कुऱ्हाड डाळ, अंडी, पनीरवर पडते. ताटात उरतो उसाचा रस आणि मऊ भात. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, प्रथिनांपासून तयार होणारा अमोनिया रक्तात वाढून रुग्ण बरळू लागतो, पुढे धरलेले हात फडफडतात. म्हणून प्रथिनं बंद करा, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. पण २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांचे दोन गट केले. एकाला पहिल्या दिवसापासून पुरेशी प्रथिनं, दुसऱ्याला आधी शून्य, मग हळूहळू वाढवत. शुद्धीवर येण्यात फरक पडला नाही. प्रथिनं तोडलेल्यांच्या शरीराची झीज मात्र जास्त झाली. यकृत थकलं की अमोनियाचा बराच निचरा स्नायूच करतात, आणि आपण नेमके तेच वाळवतो! आता मार्गदर्शक सूचना किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. शिवाय झोपण्यापूर्वी काहीतरी खायला. साठ किलोच्या माणसाला किमान ७२ ग्रॅम. वरणाच्या पाण्यावर हे कसं भागणार? तरीही डिस्चार्ज कार्डावर ‘प्रोटीन टाळा’ लिहिलेलं आजही दिसतं. रुग्णालयांनी निदान सोप्या मराठीत आहाराचा तक्ता तरी हातात द्यावा.

– एक वाचक, सांगली