धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिता आले पाहिजे

प्रति,
मा. पालकमंत्री,
कोल्हापूर जिल्हा

विषय : सरकारी अर्जांतील धर्माचा रकाना, विशेष विवाह नोंदणी आणि निधर्मी नागरिकांच्या इतर अडचणी

मा. महोदय,
स.न.वि.वि.

शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस आले की महा-ई-सेवा केंद्रांवर रांगा लागतात. ऑनलाइन अर्जात ‘धर्म’ या शब्दापुढे लाल चांदणी असते. पालक म्हणतात, रिकामा ठेवा. ऑपरेटर म्हणतो, रिकामा ठेवला तर पान पुढे सरकत नाही. यादी उघडली की हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, ख्रिश्चन, शीख आणि तळाला ‘इतर’. मागची माणसे घाई करतात आणि आडनावाकडे बघून ऑपरेटरच एक धर्म निवडून टाकतो. त्या पोराचा धर्म असा अर्ध्या मिनिटात ठरतो.

‘इतर’ हा पर्याय आहे ना, असे आम्हाला सांगितले जाते. पण ‘इतर’ म्हणजे दुसरा कुठलातरी धर्म. ‘धर्म नाही’ ही वेगळी गोष्ट आहे आणि ‘सांगायचा नाही’ ही तिसरी. तिन्ही एकाच रकान्यात कोंबली की एकाचीही नोंद खरी राहत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. राज्यघटनेचे कलम 25 सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते आणि कोणताच धर्म न मानणे हाही त्याच स्वातंत्र्याचा भाग आहे. ‘धर्म नाही’ अशी नोंद राजपत्रात छापायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2014 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, आपण कोणत्याही धर्माचे नाही असे म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि कोणत्याही अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती सरकारी यंत्रणा त्याच्यावर करू शकत नाही. म्हणजे आम्ही नवे काही मागत नाही. निकाल खिडकीपर्यंत पोचवा, एवढेच मागणे आहे.

चूक कुठे पक्की होते, हेही सांगतो. जन्मनोंदणीच्या अर्जाचे दोन भाग असतात, कायदेशीर आणि सांख्यिकी. आईवडिलांचा धर्म सांख्यिकी भागात जातो, जन्मदाखल्यावर येत नाही. तिथवर अडचण नाही. पहिलीच्या प्रवेशाला शाळा तो जनरल रजिस्टरमध्ये चढवते आणि तिथून तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो. शाळा सुटल्यावर ही नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत फाइल न्यावी लागते. म्हणून दुरुस्ती प्रवेशाच्या दिवशीच व्हायला हवी. पालकाने लेखी दिले की ‘धर्म : नाही’ असे लिहायचे, एवढी एक ओळ परिपत्रकात पुरेशी आहे.

इथे एक धोका आहे आणि तो लपवून ही मागणी करणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) धर्मीयांना मिळतो. एखाद्या चर्मकार किंवा मातंग कुटुंबाने मुलीच्या धर्मापुढे ‘नाही’ लिहिले, तर पुढे जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला ते आडवे येऊ शकते. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. धर्म सोडला म्हणून जातीचे चटके थांबत नाहीत. त्यामुळे आदेशातली ही अट काढण्यासाठी राज्य शासनाने केंद्राकडे आग्रह धरावा. तोवर शाळेने पालकांना हा परिणाम आधी समजावून सांगावा, मगच सही घ्यावी. ज्याचे नुकसान व्हायचे आहे, त्याच्या बाजूने आधी विचार व्हावा.

जनगणनेचेही तेच. 2011 च्या जनगणनेत सुमारे 28.7 लाख लोक ‘धर्म सांगितला नाही’ या गटात मोजले गेले. त्यात निधर्मी किती आणि ज्यांचा रकाना नुसता राहून गेला ते किती, हे वेगळे कळत नाही. येत्या जनगणनेच्या प्रशिक्षणात जिल्ह्यातल्या प्रगणकांना बजावावे की धर्म विचारूनच लिहायचा, नावावरून किंवा देव्हाऱ्यावरून नाही.

आता लग्नाबद्दल. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली. आज धर्मविधीशिवाय लग्न करायचे तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, 30 दिवस हरकतींसाठी आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हरकत फक्त कलम 4 मधल्या अटींवर घेता येते : आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता, वय (मुलगा 21, मुलगी 18) आणि निषिद्ध नाते. जात, धर्म, घरच्यांची नाराजी ही हरकतीची कारणेच नाहीत.

बिघडते ते मधल्या टेबलावर. आईवडिलांचे संमतीपत्र आणा, धर्मांतराचा दाखला आणा, असे तोंडी सांगितले जाते. घरी पत्र किंवा फोन जातो. यातले काहीही कायद्यात नाही. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते, मुलीच्या बापाकडे नाही. त्या 30 दिवसांत घरी बातमी पोचणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष नेमायला आणि सुरक्षित निवाऱ्याचा विचार करायला सांगितले. त्या कक्षाचा फोन नंबर आणि कागदपत्रांची नेमकी यादी विवाह नोंदणी कार्यालयाच्या दारावर मराठीत लावावी. तोंडी मागण्या निम्म्याने तिथेच थांबतील.

जादूटोणाविरोधी कायद्यात (2013) दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा 2017 पासून लागू आहे. दोन्ही कायद्यांखाली तक्रार कुणाकडे करायची, त्याचे नाव आणि नंबर प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर हवे.

आमचे भांडण भाविकांशी नाही. अंबाबाईच्या नवरात्राला येणारी बाई, जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवणारा गडी, तालमीत पंजे बसवणारी मंडळी, ही आमचीच माणसे आहेत. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की गणपती आणि पंजे शेजारी बसवणारे हे गाव आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो राज्यभरच्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठराव करणारी बहुतेक माणसे देव मानणारीच होती. धर्म मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांना सरकारी खिडकीवर एकच वागणूक मिळावी, हेच आमच्या लेखी धर्मनिरपेक्षतेचे काम.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जिल्हाधिकारी, शिक्षणाधिकारी व सह जिल्हा निबंधक यांना लेखी सूचना द्याव्यात. ऑनलाइन अर्जांत ‘धर्म नाही’ आणि ‘सांगायचा नाही’ हे दोन पर्याय वाढवण्याचे काम राज्य पातळीवरचे आहे, त्यासाठी आपण मंत्रिमंडळात बोलावे. परिपत्रक निघाले की त्याची प्रत महा-ई-सेवा केंद्रांवरही लावायला सांगा. अर्ज तिथेच भरले जातात.

आपले,
कोल्हापुरातील मानवतावादी कार्यकर्ते