गुरूला ‘अपयशी तारा’ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला सूर्यमालेवरचा लेख आवडीने वाचला, पण एका वाक्यापाशी अडखळलो: ‘गुरू जरा मोठा असता, तर तोही तारा झाला असता.’ सुट्टीत आमच्या गच्चीवर दुर्बिणीतून आकाश बघायला येणारी मुलेही हेच वाक्य पाठ करून आलेली असतात. म्हणून हे पत्र.

खटकतो तो ‘जरा’ हा शब्द. हायड्रोजनचे संमीलन (अणुकेंद्रे एकमेकांत मिसळणे) सुरू होऊन ते टिकायला गुरूच्या जवळपास ८० पट वस्तुमान लागते. बुधापासून नेपच्यूनपर्यंतचे बाकीचे सगळे ग्रह गुरूत ओतले, तरी तो दीडपटसुद्धा होत नाही. उरलेले अठ्ठ्याहत्तर गुरू आणायचे कुठून?

सूर्य आणि गुरू दोघेही मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे. त्यामुळे ‘माल तोच, फक्त पेटायचा राहिला’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तारा चुलीतल्या लाकडासारखा जळत नसतो. त्याच्या गाभ्यात स्वतःच्याच वजनाचा एवढा दाब असतो की हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून हेलियम बनतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश. गुरूच्या गाभ्याचे अंदाजे वीस हजारांच्या आसपासच राहते. ठिणगी टाकून हे अंतर भरून निघत नाही. २००३च्या सप्टेंबरमध्ये ‘गॅलिलिओ’ यान मुद्दाम गुरूत सोडले, तेव्हा त्यातल्या प्लुटोनियममुळे गुरू पेटेल अशी आवई उठली होती. यान वातावरणात नष्ट झाले, गुरूला काही झाले नाही.

गुरू सूर्याकडून घेतो त्याहून जास्त ऊर्जा बाहेर टाकतो, हे खरे. पण ती जन्माच्या वेळची साठलेली आणि हळूहळू आकसताना निघणारी उष्णता आहे. त्यात संमीलनाचा वाटा नाही.

आकारावरूनही फसायला होते. शनीचे वस्तुमान गुरूच्या एक तृतीयांशाहून कमी, पण व्यास मात्र गुरूच्या पाच-षष्ठांश. वस्तुमान वाढत गेले की असा ग्रह फुगत नाही, आतल्या आत दाबला जातो. २०१७मध्ये केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञांनी एक तारा जाहीर केला. तो शनीपेक्षा किंचितच मोठा आहे, पण त्यात ८५ गुरूंइतके द्रव्य कोंबलेले आहे. तो तारा आहे, आणि त्याच्याहून थोडा मोठा दिसणारा गुरू ग्रह आहे.

‘अपयशी’ म्हणायचेच, तर ते विशेषण तपकिरी बटूंना द्यावे. ताऱ्यासारखे जन्मूनही हायड्रोजन पेटवू न शकलेले हे गोल. भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गणिताने ते वर्तवले, आणि १९९५मध्ये ते निर्विवाद सापडले. साधारण १३ गुरूंच्या वर वस्तुमान असले की त्यांच्यात ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, संमीलन होते, पण ते इंधन इतके थोडे की लवकरच संपते. ग्रह आणि तपकिरी बटू यांच्यातली रेघ बरेच जण या १३ वर मारतात. माझ्या मते ती सोयीची रेघ आहे; जन्माची गोष्ट अधिक महत्त्वाची. तारा वायूचा ढग कोसळून बनतो. गुरू मात्र नवजात सूर्याभोवतीच्या तबकडीत वाढला. आधी खडक-बर्फाचा गोळा जमला आणि मग त्याने भोवतालचा वायू ओढून घेतला, असेच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तारा होण्याच्या वाटेवर तो कधी नव्हताच, मग अपयश कसले?

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती. मुले छापील शब्दावर विश्वास ठेवतात.

त्यांना मी आकडे नंतर सांगतो. आधी गुरूचा चंद्र आयो गुरूसमोरून जात असेल अशी रात्र निवडून दुर्बिणीला डोळा लावायला सांगतो. ढगांच्या पट्ट्यांवर टाचणीच्या टोकाएवढा काळाकुट्ट ठिपका सरकताना दिसतो. ती आयोची सावली. मागच्या वेळी सहावीतली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “काका, दिव्यावर कुठे सावली पडते?”

आपला,
एक आकाशप्रेमी वाचक, सातारा