रब्बी आवर्तन : चारी सफाई आणि सात नंबर अर्ज

सर्व सभासदांना नमस्कार.

भंडारदरा धरणाचं आवर्तन (ठरल्या काळात कालव्यात सोडलेलं पाणी) सुटण्याआधी चारी (शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) साफ झालीच पाहिजे. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता प्रत्येक खातेदाराच्या घरटी एकाने खोरं-घमेलं घेऊन चारीच्या तोंडाशी यावं. मधल्या वळणावर बेशरमाची झुडपं इतकी माजलीत की पाणी तिथेच तुंबून बांधावरून फुटतं आणि टेलच्या (चारीच्या शेवटच्या टोकाच्या) शेतांत थेंब पोचत नाही. सुरुवात तिथूनच करू.

सात नंबर अर्ज (कालव्याच्या पाण्याची मागणी नोंदवायचा अर्ज) ज्यांनी भरले नाहीत त्यांनी लगेच भरावेत. पाणीपट्टीची थकबाकी असेल तर आधी ती मिटवा. अर्जाविना मागणी कमी दिसते आणि आपल्याच हक्काचं पाणी घटतं.

भंडारदरा हे १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण, साठा ११ टीएमसी (अब्ज घनफूट). १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, तेव्हा मागून आधारभिंती देऊन ती सावरली. तिथून सुटलेलं पाणी प्रवरेतून ओझर बंधाऱ्यावर अडतं, मगच कालव्यात चढतं. एवढ्या लांबून आलेलं पाणी आपल्या चारीत वाया जाऊ देणं मला तरी पटत नाही.

पाण्याची पाळी टेलकडूनच सुरू होईल. रात्रीची पाळी असणाऱ्यांनी चारीचं दार सोडून घरी जाऊ नये.

– सचिव, पाणी वापर संस्था