एफबीडीमध्ये (खालून गरम हवा सोडून ओले दाणे वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये) माल एकसारखा वाळत नसल्याबाबत तक्रार : पत्र तिसरे

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

आधीच्या दोन पत्रांना आपले उत्तर एका ओळीचे आले : 'मशिनमध्ये दोष नाही, आपले ग्रॅन्युलेशन तपासावे.' ग्रॅन्युलेशन म्हणजे गोळ्यांसाठी भुकटीचे ओले दाणे करणे. ते तपासले. त्यातून जे निघाले ते लिहितो. या वेळी पत्र सेवा विभागापुरते न ठेवता डिझाइनवाल्यांनाही दाखवावे, ही विनंती.

बॅच 120 किलोची, बाइंडर (दाणे बांधणारा पदार्थ) स्टार्च पेस्ट, इनलेट (आत येणारी हवा) 60 अंश. आउटलेटचे (बाहेर पडणाऱ्या हवेचे) तापमान 32 मिनिटांत ठरलेल्या आकड्यावर पोचते. सॅम्पलिंग पोर्टमधून काढलेल्या नमुन्याचा एलओडी (वाळवल्यावर घटणारे वजन, म्हणजे उरलेली ओल) 2.1 टक्के, म्हणजे आमच्या 2 ते 2.5 टक्क्यांच्या मर्यादेत. बॅच रेकॉर्डमध्ये सगळे झकास. कॉम्प्रेशनला (दाणे दाबून गोळ्या करताना) मात्र एका डब्यातल्या मालाच्या गोळ्यांची टोपणे उडतात आणि दुसऱ्या डब्यातला माल पंचला (गोळी दाबणाऱ्या ठशाला) चिकटतो. आमच्या गोळीवर इंग्रजी 'बी' अक्षर आहे. त्या अक्षराच्या पोटातले दोन्ही ठिपके गोळीवरून गायब होऊन पंचवरच्या अक्षरात घट्ट बसलेले, हे ऑपरेटरने टॉर्च मारून मला दाखवले.

आमच्या या प्रॉडक्टमध्ये कॅपिंग (टोपण उडणे) होते ते माल करपट कोरडा झाला की, आणि स्टिकिंग (पंचला चिकटणे) होते ते ओल राहिली की. एकाच बॅचमध्ये दोन्ही कसे? म्हणून पोर्टवर विसंबणे सोडले आणि बाऊल (ड्रायरमधले माल भरायचे भांडे) बाहेर काढून नऊ जागांचे नमुने घेतले. मधोमध 1.2 टक्के, दाराच्या बाजूच्या भिंतीलगत 4.6. तळाशी लिंबाएवढे गोळे होते. एक बोटांनी फोडला, तर आत चक्क गार लागला. आपला पोर्ट नेमका या दोन टोकांच्या मध्ये आहे, त्यामुळे तो बिचारा नेहमीच 'पास' म्हणतो.

मग बाऊलचा तळ पाहिला. छिद्रांच्या प्लेटवरची बारीक जाळी दाराच्या विरुद्ध बाजूला प्लेटपासून सुटून लाटेसारखी उचलली गेली आहे. हवेला तिथे वाट सोपी मिळते, ती मालातून बोगदा करून सरळ वर निघते आणि दाराकडचा माल हलतच नाही. ओल्या मालातून गेलेली हवा बाष्पीभवनामुळे थंड होऊन बाहेर पडायला हवी. बोगद्यातून निसटलेली हवा गरमच पोचते, आउटलेटचा आकडा लवकर चढतो आणि पॅनेलला वाटते वाळवण झाले. त्या 32 मिनिटांचे गुपित हे आहे.

आपले इंजिनिअर आले तेव्हा त्यांनी जाळी न पाहता इनलेट 75 करायला सांगितले. केले. ग्रॅन्युल्स बाहेरून टणक झाले, ओल आत कोंडली आणि मिलमध्ये दाणे फुटल्यावर ती बाहेर आली. स्टिकिंग दुप्पट झाले. हा सल्ला लेखी द्यायला ते का तयार नव्हते, ते आता कळते.

राहिले ग्रॅन्युलेशन. आरएमजीतून (भुकटी कालवून ओले दाणे करणाऱ्या मिक्सरमधून) निघालेल्या एकाच ओल्या मालाचे दोन भाग केले. एक आपल्या ड्रायरमध्ये, दुसरा आमच्या जुन्या ट्रे ड्रायरमध्ये, पातळ थर देऊन आणि मध्ये एकदा उलथून. चाळणी तीच, मॅग्नेशियम स्टिअरेट (माल चिकटू नये म्हणून घालायचे वंगण) तेवढेच, प्रेस तोच. ट्रेवाल्या गोळ्यांची फ्रायेबिलिटी (ड्रममध्ये फिरवल्यावर होणारी वजनातली झीज) 0.3 टक्के आली. मर्यादा 1 टक्क्याची आहे. आपल्या ड्रायरमधल्या गोळ्या ड्रमच्या 100 फेऱ्यांत दुभंगल्या. दुभंगलेली एक जरी गोळी निघाली तरी चाचणी नापास, तिथे वजनाचा हिशोब करायचीही गरज पडत नाही. दोष ओल्या मालात असता तर ट्रेमध्येही दिसला असता.

आमची मागणी साधी आहे. जाळी आणि प्लेट दोन्ही बदलून द्या. नुसती टाके घालून ताणून देऊ नका, मालाच्या धक्क्याने ती पुन्हा सुटेल. बसवल्यावर रिकाम्या बाऊलमध्ये हवेचा वेग जागोजागी मोजा आणि भरलेल्या बॅचमधून आमच्यासमोर नऊ नमुने काढा. मशिन सोपवताना दिलेल्या अहवालात फक्त आउटलेटचे तापमान आहे, बाऊलच्या कडेचा एकही नमुना नाही. तो अहवाल मागे घेऊन नवा द्यावा आणि वॉरंटी नव्या तारखेपासून धरावी. नमुन्यांचे आकडे, जाळीचे फोटो आणि तुटलेल्या गोळ्यांची पिशवी सोबत पाठवत आहे.

तोवर माल ट्रेमध्ये वाळवतो आहोत. एका बॅचला 14 तास लागतात. ते वाचावेत म्हणूनच आपला ड्रायर घेतला होता. तो शेजारी प्लॅस्टिक टाकून झाकून ठेवला आहे.

कळावे,
उत्पादन विभाग प्रमुख